हत्यारांची पूजा आणि हत्यारांची जागा



आश्विन शुद्ध नवमीला आपण खंडेनवमी म्हणतो. आपल्या बेळगाव भागात कानडी शेजाऱ्यांच्या सहवासाने तिला आयुधपूजा हे नावही तितकेच परिचयाचे झाले आहे. त्या दिवशी घरातील झाडून सारी हत्यारे बाहेर निघतात. सुताराचा रंधा, गवंड्याचा ओळंबा, शेतकऱ्याचा कोयता, शिंप्याची कात्री, गृहिणीची विळी, सारी पुसून पाटावर मांडली जातात. त्यांना गंध, अक्षता, झेंडूचे फूल वाहिले जाते. ज्यांच्या हाताने वर्षभर राबायचे त्या हत्यारांना त्या दिवशी विसावा असतो. यंत्रांना आणि दारातील वाहनांनाही माळा चढतात. ज्या साधनाने अन्न मिळते ते देवासमान मानावे, ही या आचाराची शिकवण आहे आणि ती अत्यंत थोर आहे.

परंतु दुसऱ्या दिवशी आपट्याची पाने वाटून झाल्यावर ती हत्यारे कोठे जातात, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या घरास विचारून पाहावा. बहुतेक घरांतील उत्तर एकसारखेच असते. हातोडी जिन्याखाली, पक्कड स्वयंपाकघरातील खणात, करवत माळ्यावरील ओलसर पोत्याखाली, आणि स्क्रू ड्रायव्हर मागच्या खेपेस जेथे पंखा दुरुस्त केला तेथेच कोठे तरी. पटाशीने कोणी रंगाचा डबा उघडलेला असतो. कानस आणि खिळे एकाच डब्यात खडखडत असतात. एक दिवस ज्यांना नमस्कार केला त्यांना उरलेले वर्षभर आपण ओळखही दाखवीत नाही. ही विसंगती केवळ अव्यवस्थेची आहे काय? आमच्या मते तिचा संबंध धर्माशी आहे, आणि म्हणूनच आजच्या निरूपणासाठी आम्ही हा विषय घेतला आहे. वयाने आम्ही आपणांसमोर लहान आहोत. तेव्हा जे सांगू त्यात आमचे असे थोडे आणि पूर्वजांचे पुष्कळ आहे, असेच समजावे.

प्रथम देवपूजेचाच क्रम पाहू. देवळात वा घरी यथासांग पूजा चालते तेव्हा पुजारी थेट मूर्तीला हात घालीत नाही. आधी कलशाची पूजा होते, मग शंखाची, मग घंटेची, मग दीपाची. ज्या साधनांनी देवाची सेवा करावयाची त्या साधनांचा मान देवाच्याही आधी! पुजाऱ्याच्या घरात वाढलेल्या आम्हांसारख्यांना हे लहानपणापासून डोळ्यांखालून गेलेले असते. पहाटेच्या अंधारात काकडआरतीच्या वेळी गाभाऱ्यात पळी उजवीकडे, पंचपात्र तिच्याशेजारी, ताम्हन समोर, सहाण कोपऱ्यात आणि घंटा डाव्या हाताशी असते. दिवा लागण्यापूर्वीही हात चुकत नाही. पूजा आटोपली की प्रत्येक भांडे घासून, पुसून, पालथे घालून त्याच जागी परत जाते. हे आवरणे पूजेनंतरचे काम नव्हे, ते पूजेचेच शेवटचे अंग होय. पळी हरवलेल्या पुजाऱ्याचे लक्ष देवाकडे राहील की पळीकडे? साधन जागेवर असले तरच मन साध्याकडे लागते, एवढा साधा हा न्याय आहे. गाभाऱ्यातील जो न्याय, तोच पडवीतील सुतारकामाच्या फळीलाही लागू आहे.

कोणी म्हणेल की पळी-पंचपात्राची गोष्ट वेगळी आणि करवत-कानशीची वेगळी. शास्त्रांनी असा भेद केलेला दिसत नाही. सुश्रुतसंहितेत शल्यकर्मासाठी 101 यंत्रे आणि 20 शस्त्रे सांगितली आहेत, आणि त्या सर्व यंत्रांत मनुष्याचा हात हेच प्रमुख यंत्र होय, असेही तेथे बजावले आहे. शस्त्राला धार लावण्यासाठी गुळगुळीत दगड आणि ती धार टिकून राहावी म्हणून सावरीच्या मऊ लाकडाची फळी, इतका बारीक विचार त्या ग्रंथात आहे. पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयात शस्त्रे ठेवण्याच्या कोशाचे वर्णन केले आहे. तो कोश 9 अंगुळे रुंद आणि 12 अंगुळे लांब असावा. तो रेशमी वस्त्राचा, लोकरीचा किंवा मऊ चामड्याचा, नीट शिवलेला असावा. आत प्रत्येक शस्त्राला वेगळी जागा असावी, शस्त्राशस्त्रांच्या मध्ये लोकर असावी आणि तोंड बंद करण्याची सोय असावी. दुसऱ्याच्या शरीरावर ज्याने शस्त्र चालवावयाचे त्याने ते कसे ठेवावे हे सांगणे ग्रंथकारांना क्षुद्र वाटले नाही. मग आपल्या पटाशीला एक खाच करून देणे आपणांस क्षुद्र का वाटावे?

वाग्भटाच्या त्या कोशात आजच्या घरालाही पुरेल एवढे शहाणपण साठविलेले आहे. प्रत्येकाला स्वतःची जागा, धारेला धार लागू न देणे, हवेपाण्यापासून रक्षण, आणि आकार एवढाच की उचलून नेता यावा. हे चार नियम हाती धरून आपण आता घरात येऊ.

पहिला नियम, प्रत्येकाला स्वतःची जागा. घरी स्वतंत्र खोली असावयास पाहिजे असे नाही. पडवीतील दोन हात भिंत, किंवा जिन्याखालील एक फळी पुरे. सर्व हत्यारे एकदा जमिनीवर मांडावीत आणि त्यांचे कामावरून गट करावेत. मोजण्या-आखण्याची ती एकीकडे : गुण्या, ओळंबा, पाणसळ, फूटपट्टी. कापण्या-तासण्याची दुसरीकडे : करवत, पटाशी, रंधा, वाकस. ठोकण्या-उपटण्याची तिसरीकडे, आवळण्या-सोडविण्याची चौथीकडे : पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर. भोके पाडण्याची आणि घासण्याची पाचवीकडे : गिरमिट, कानस. मग जे रोज लागते ते कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर, जे महिन्याने लागते ते वर, आणि जे जड आहे ते खाली. पहार आणि घण उंचावर टांगणे म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावर टांगणे होय. धारेची हत्यारे मात्र लहान मुलांच्या हाताच्या वर असावीत, मग ती रोज लागोत वा न लागोत.

फळीवर खुंट्या ठोकून हत्यारे टांगली, की प्रत्येकाच्या कडेने पेन्सिलीने वा रंगाने त्याची आकृती रेखावी. ही युक्ती दिसावयास पोरकट आहे, पण तिचा गुण मोठा आहे. हातोडी गेली तरी हातोडीची आकृती भिंतीवर राहते आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगते, की येथील एक जण अजून घरी आलेला नाही. विमानांची देखभाल करणाऱ्या कारखान्यांतही हत्यारे अशीच त्यांच्या आकाराच्या खाचांतून ठेवतात आणि काम संपताच मोजतात. एखादा पाना यंत्रात विसरला गेला तर तो आकाशात माणसांच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून मोजदाद पुरी झाल्यावाचून विमान सोडीत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी-सूची प्रसिद्ध केली, तीतही रुग्णाला शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी उपकरणे, सुया आणि कापसाचे बोळे यांची मोजणी पुरी झाल्याचे मोठ्याने सांगावयाचे असते. ज्यांच्या हाती माणसांचे प्राण आहेत त्यांनी आवरणे आणि मोजणे हे कामाचेच अंग मानले आहे. आपल्या घरी प्राणांचा प्रश्न क्वचित येतो खरा, पण अंगणात गवतात पडलेल्या वाकसाच्या धारेवर अनवाणी पाय पडावयास कितीसा वेळ लागतो?

दुसरा नियम, धारेला धार लागू देऊ नये. पोलादाचा नाश बहुधा पोलादच करते. एका डब्यात चार कानशी टाकल्या की डबा हलेल तितक्या वेळा त्यांचे कठीण आणि ठिसूळ दाते एकमेकांवर आपटून झिजतात. कानशींना लाकडाच्या ठोकळ्यात भोके पाडून उभे ठेवावे, अथवा जाड कापडाची कप्पेदार गुंडाळी शिवून तीत निरनिराळ्या निजवाव्या. पटाशीच्या तोंडाला लाकडाचे वा जाड कापडाचे टोपण असावे. करवतीच्या दातांवर, मधोमध लांब खाच पाडलेली एक काठी सरकवून दोरीने बांधावी; त्याने दातही वाचतात आणि हातही. रंधा ठेवताना त्याचे पाते फळीवर टेकू नये, म्हणून तो कुशीवर निजवितात किंवा पुढील टोकाखाली पातळशी पट्टी देतात. गुण्या तर सर्वांत नाजूक. तो एकदा आपटून काटकोनातून ढळला, की त्यानंतरचे प्रत्येक काम वाकडे होते आणि करणाऱ्यास आपला हात वाकडा वाटू लागतो. ज्याच्यावरून इतरांचे खरे-खोटे ठरावयाचे त्याला अधिक जपावे लागते, हे गुण्याइतकेच माणसांनाही लागू आहे.

तिसरा नियम, ओलीपासून रक्षण. बेळगावच्या पावसाळ्याविषयी आपणांस काय सांगावे! भिंती घाम गाळतात आणि पेटीतील कपड्यांना बुरशी येते. लोखंडाला गंज चढण्यास पाणी आणि हवेतील प्राणवायू अशी दोन्ही लागतात. हवेतील आर्द्रता सुमारे 60 टक्क्यांच्या वर गेली, की डोळ्यांस न दिसणारा पाण्याचा पापुद्रा लोखंडावर बसतो आणि गंज वेगाने वाढू लागतो. पावसाच्या तोंडाच्या भिंतीवर हत्यारांची फळी लावू नये. आतील भिंतीवरही फळी लावताना तिच्यामागे पट्ट्या देऊन बोटभर अंतर ठेवावे, म्हणजे वारा खेळता राहतो. पोते, पुठ्ठा आणि वर्तमानपत्र ही ओल शोषून धरतात, म्हणून त्यांत हत्यार गुंडाळून ठेवणे म्हणजे ओल्या वस्त्राने आजारी माणसास पांघरणे होय. चामड्याच्या म्यानाचीही तीच गोष्ट. चामडे कमावताना वापरलेली क्षारद्रव्ये व आम्ले त्यात उरलेली असतात, म्हणून कामावर जाण्यापुरते म्यान ठीक, कायमच्या मुक्कामास नव्हे. घामातील मीठही लोखंडास बाधते. म्हणून काम संपले की कोरड्या फडक्याने पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात पात्यावरून फिरवावा. कानशीला मात्र तेल लावू नये. तिच्यावर खडू घासावा. तो दात्यांत लाकडाचा व धातूचा चुरा अडकू देत नाही आणि थोडी ओलही शोषतो.

कित्येक कारागीर हत्यारांच्या पेटीत कापराची वडी ठेवतात. देवघरातील कापूर पेटीत आलेला पाहून मन प्रसन्न होते आणि तो ठेवण्यास हरकत नाही, परंतु कापरावर भिस्त ठेवून तेल चुकवू नये. दांड्यांना जवसाचे तेल फार चांगले. ते लाकडात मुरते, सुकून घट्ट होते आणि दांडा फुटण्यापासून वाचतो. येथे एक सावधगिरीची सूचना देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. जवसाच्या तेलाने भिजलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. ते तेल सुकताना उष्णता निर्माण होते, आणि गोळा झालेल्या फडक्यात ती कोंडून, काडी न लावताही आग पेटू शकते. ते फडके उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्यावे, किंवा पाण्यात बुडवून मगच टाकावे.

चौथा नियम, उचलून नेता यावे. हा नियम सांगताना आम्हांस सेना महाराजांची आठवण होते. सेना महाराज न्हावी. त्यांची कथा आपण कीर्तनांतून ऐकलेली आहे. राजाचे बोलावणे आले तेव्हा सेना देवपूजेत निमग्न होते आणि उठले नाहीत. राजा कोपला. तेव्हा भक्ताची अब्रू राखण्यासाठी भगवंताने सेनांचे रूप घेतले, खांद्याला त्यांची धोकटी लावली आणि राजवाड्यात जाऊन राजाची सेवा केली. तेलाच्या वाटीत राजास चतुर्भुज रूप दिसले, असे ही कथा सांगते. भगवंताने हलके मानलेले काम आपल्या हाताने केले, हा या कथेचा गाभा आपण नेहमी ऐकतो आणि तो खराच आहे. परंतु आमचे लक्ष त्या धोकटीकडे जाते. धोकटी म्हणजे न्हाव्याच्या हत्यारांची चामडी पिशवी. देवाने ती उचलली आणि तो निघाला. वस्तरा कोठे, कात्री कोठे, वाटी कोठे, म्हणून पांडुरंगाला सेनांचे घर धुंडाळावे लागले असे कोणीही कीर्तनकार सांगत नाही! सर्व काही धोकटीत होते, धारेला होते, पुसलेले होते. कथेत हे उघड सांगितलेले नाही, आम्ही हा आमचा भाव म्हणून मांडतो. ज्याची हत्यारे जागेवर आहेत त्याच्या घरी देवाने कोणत्याही क्षणी यावे आणि काम सुरू करावे. ज्याची हत्यारे विखुरलेली आहेत त्याच्या घरी देव आला, तरी आधी शोधाशोधीतच गुंतून पडेल.

याच ठिकाणी आजच्या विषयाचे मर्म आहे असे आम्हांस वाटते. हत्यार जागेवर ठेवणारा ते स्वतःसाठी ठेवीत नाही. स्वतःचे काम तर झालेले असते! तो ते पुढील हातासाठी ठेवतो, आणि तो हात कोणाचा असेल हे त्यास ठाऊक नसते. मध्यरात्री पाण्याचा नळ फुटला असता पाना शोधणारी घरातील सून असेल, दहा वर्षांनी करवत उचलणारा नातू असेल, किंवा सेनांच्या घरी आला तसा प्रत्यक्ष तोही असेल. फळाची अपेक्षा न ठेवता कर्म करावे हे आपण ऐकत आलो आहो. त्याचा घरगुती अभ्यास कोठे करावा, असे कोणी विचारल्यास आम्ही म्हणू, की काम संपल्यावर, अंग थकलेले असताना, हातोडी तिच्या खुंटीपर्यंत नेण्यात करावा. ते पाहून कोणी शाबासकी देत नाही. म्हणूनच तो अभ्यास चोख आहे.

यातूनच उसन्या हत्यारांचाही प्रश्न निघतो. शेजाऱ्याकडून आणलेली शिडी किंवा गिरमिट परत करण्यास आपण विसरतो आणि सहा महिन्यांनी ते आपल्याच अडगळीत सापडते. दुसऱ्याची वस्तू न घेणे हे अस्तेय होय, आणि घेतलेली वस्तू वेळेवर न देणे हे अस्तेयाचे उल्लंघनच नव्हे काय? ज्याने हत्यार नेले त्याचे नाव त्या रिकाम्या आकृतीत खडूने लिहून ठेवावे. त्यात अविश्वास नाही. उलट दोन घरांचा स्नेह त्याने शाबूत राहतो. आणलेले हत्यार परत करताना ते आणले होते त्याहून स्वच्छ असावे. आणि सुतारासारख्या कारागिराकडे त्याचे रोजचे हत्यार उसने मागूच नये. ते त्याचे भांडवल आहे; आपल्या हौसेसाठी त्याचा रोजगार बुडता कामा नये.

कारागिरांचे नाव निघाले, तेव्हा एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. विश्वकर्म्याचे पाच पुत्र मनू, मय, त्वष्टा, शिल्पी आणि दैवज्ञ यांच्यापासून लोहार, सुतार, तांबट, पाथरवट आणि सोनार यांच्या विद्या आल्या, अशी परंपरा आहे. आपल्याकडे माघ शुद्ध त्रयोदशीस विश्वकर्मा जयंती होते. म्हणजे या विद्यांचे मूळ आपण देवापाशी नेऊन पोहोचविले. आणि त्या विद्या धारण करणाऱ्या मनुष्यास मात्र पिढ्यानुपिढ्या उंबऱ्याबाहेर बसविले, त्याला वेगळा पेला दिला. हत्याराला हळदकुंकू आणि हत्यार धरणाऱ्या हाताला अंतर! देवळाशी जोडलेल्या घराण्यांनी हा दोष अधिक प्रांजळपणे मान्य करावयास पाहिजे, कारण देवाचा गाभाराच पाथरवटाच्या छिन्नीने घडलेला आहे आणि देवाची पालखी सुताराच्या रंध्याने. गोरोबा काकांचे थापटणे, नरहरी सोनारांची हातोडी, रोहिदासांची रापी या हत्यारांनीच भक्तीचा मार्ग रुंद केला. ज्याला आपल्या घरी पटाशीची किंमत कळली, त्याला पटाशी चालविणाऱ्याची किंमत कळल्यावाचून राहणार नाही. म्हणून आम्ही म्हणतो, की मुलांना हत्यारे ठेवावयास शिकविणे हे त्यांना माणसे मानावयास शिकविणे आहे.

आपल्याच गावचे उदाहरण देतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. ती नोकरी सोडून ते बेळगावात आले आणि बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलींच्या धंद्यात पडले. पुढे त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे केली, लोखंडी नांगर केले, आणि 1910 मध्ये कुंडल रोडनजीकच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. शिकलेल्या माणसाने हाताला काळे लावून घेणे त्या काळी प्रतिष्ठेचे नव्हते. परंतु त्या काळ्या हातांनी केलेले नांगर शेकडो शेतांतून फिरले. आज शासनासही या हातांची आठवण झाली आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत 18 परंपरागत व्यवसायांतील कारागिरांना हत्यारांच्या संचासाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद आहे. आपल्या ओळखीचा कोणी लोहार, सुतार, कुंभार वा चर्मकार तीपासून अनभिज्ञ असेल, तर त्यास ती सांगणे ही देखील एक प्रकारची आयुधपूजाच होईल.

आता शेवटची आणि सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट. घरातील वडील माणूस जाते. तेरावे होते, नातलग परततात, आणि काही महिन्यांनी कोणी त्याची पेटी उघडतो. दागिन्यांची वाटणी होते, जमिनीची होते. या पेटीची कोणी मागणी करीत नाही. मग एके दिवशी ती भंगारवाल्याच्या तराजूत जाते आणि आयुष्यभर ज्याला धार लावली ते पोलाद किलोच्या भावाने जाते. ज्या दांड्याला एका माणसाच्या तळहाताने चाळीस वर्षे घासून आकार दिला, तो दांडा चुलीत जातो. त्या दांड्यावरील खळगा हे त्या माणसाचे हस्ताक्षर होते. आपण पितरांना वर्षातून एकदा पिंड देतो, तिलोदक देतो, आणि त्यांच्या हाताने झिजलेली वस्तू मात्र ओळखत नाही. असे का होते? पुष्कळदा ती हत्यारे गंजलेली, विखुरलेली, कशाची काय ते न कळणारी असतात म्हणून. ज्या पेटीत प्रत्येक वस्तू जागेवर, तेल पुसलेली, धार राखलेली आहे, ती पेटी भंगारात देण्यास मुलाचा हात धजत नाही. ती पेटी उघडताच, हे कोणाचे तरी होते आणि आता ते तुझे आहे, असे तिच्यातील प्रत्येक खाच बोलते. तेव्हा आपल्या हयातीतच आपली हत्यारे नीट लावून ठेवणे हे पुढच्या पिढीस दिलेले मुक्या शब्दांतील मृत्युपत्र आहे. आणि ज्यांच्या घरी अशी पेटी अजून कोपऱ्यात पडून आहे, त्यांनी ती विकण्यापूर्वी एकदा उन्हात काढून पाहावी. वरवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने व थोड्या तेलाने निघतो. आत बहुधा चांगले पोलाद असते. घरी नको असेल, तर हे काम नव्याने शिकणाऱ्या एखाद्या होतकरू मुलास ती द्यावी. हे दान गोदानाहून कमी पुण्याचे आहे असे आम्हांस वाटत नाही.

म्हणून आम्ही सर्व कुटुंबांस एक छोटा संकल्प सुचवितो. येत्या खंडेनवमीस हत्यारांची पूजा नेहमीप्रमाणे व्हावी. पूजेच्या आदल्या दिवशी घरातील सारी लहानथोर माणसे, मुली व सुनाही, एकत्र बसून ती गोळा करावीत, मोजावीत, पुसावीत आणि त्यांची एक यादी करावी. कोणाचे हत्यार आपल्याकडे राहिले असल्यास ते त्याच दिवशी फुलासह परत करावे. दसऱ्याचे सोने वाटून आल्यावर ती पाटावरून अडगळीत न टाकता प्रत्येकास त्याच्या नेमलेल्या खुंटीवर न्यावे, आणि वाहिलेले फूल तेथेच सुकू द्यावे. पुढे वर्षभर, काम संपल्यावर हत्यार त्या जागी ठेवताना पूजेतील एक उपचार आपल्याकडून घडत आहे, एवढे मनात आणावे. मंत्राची आवश्यकता नाही. कोरडे फडके आणि तेलाचा एक थेंब पुरे.

ज्याने हे विश्व घडविले त्याने सूर्यास त्याची वाट, समुद्रास त्याची मर्यादा आणि ऋतूंस त्यांची पाळी नेमून दिली. प्रत्येकास त्याची जागा देणे हीच त्या आदिकारागिराची रीत दिसते. आपल्या पडवीतील त्या लहानशा फळीवर तीच रीत आपल्या हातून चालू राहो, आपल्या हातांस नित्य उपयोगी काम मिळो, आणि आपल्यानंतर ती हत्यारे उचलणाऱ्या हातास आपली आठवण गोड वाटो, एवढीच श्रीचरणी प्रार्थना करून आम्ही ही अल्प सेवा समाप्त करतो.

शुभं भवतु.